शिक्का दिल्लीचा, चौकी गोव्याची

हणजूण, मोरजी किंवा हरमलला एखादा परदेशी माणूस अमली पदार्थांसह पकडला गेला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तीन गोष्टी हमखास असतात: माल किती ग्रॅम, त्याची किंमत किती लाख आणि आरोपी कोणत्या देशाचा. तो कोणत्या व्हिसावर आला, व्हिसा कधी संपला, कोणाच्या खोलीत राहत होता, त्या खोलीमालकाने नोंद दिली होती का, हे क्वचितच छापून येते. काही वर्षांनी खटल्याचा निकाल लागतो, तेव्हा बातमी आतल्या पानावर जाते किंवा येतच नाही. ही टिपणे त्या न छापलेल्या भागाबद्दलची आहेत.

*

घटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्र सूचीतली 19 वी नोंद व्हिसा, पासपोर्ट आणि परकीयांचे येणे-जाणे केंद्राकडे देते. राज्य सूचीतली दुसरी नोंद पोलीस राज्याकडे देते. त्यामुळे गोव्यात काही घडले की राज्य सरकार सांगते, व्हिसा दिल्ली देते, आम्ही काय करणार? दिल्ली सांगते, कायदा-सुव्यवस्था राज्याचा विषय आहे. दोन्ही उत्तरे कागदावर खरी आहेत. पण बेकायदा राहणाऱ्या परकीयाला शोधून, ताब्यात घेऊन परत पाठवण्याचे अधिकार केंद्राने घटनेच्या 258 (1) कलमाखाली राज्य सरकारांकडेही सोपवलेले आहेत. केंद्रीय गृहखाते संसदेत हे पुन्हा पुन्हा सांगत आले आहे. तेव्हा 'आमच्या हातात काहीच नाही' हे राज्याचे म्हणणे मला मान्य नाही. आणि आत सोडलेला माणूस मुदत संपल्यावर बाहेर पडला की नाही हे दिल्लीला कळत नाही, हेही मान्य नाही. 2014 च्या नोव्हेंबरात ई-व्हिसाची सोय सुरू झाली तेव्हा पहिल्या नऊ विमानतळांत गोवा होता. येणाऱ्याची नोंद तेव्हापासून संगणकावर आहे.

*

31 ऑक्टोबर 2013. पर्रा येथे एका नायजेरियन तरुणाचा खून झाला. मृतदेह नेणारी शववाहिका पर्वरीला महामार्गावर अडवून त्याच्या देशबांधवांनी प्रेत रस्त्यावर ठेवले. वाहतूक तासन् तास बंद पडली, पोलिसांशी मारामारी झाली, पन्नासहून अधिक जणांना अटक झाली. राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियनांना कॅन्सर म्हटले आणि नंतर माफी मागितली. नायजेरियाच्या एका राजनैतिक अधिकाऱ्याने, तुम्ही आमच्या लोकांना हाकलाल तर तिकडचे भारतीयही रस्त्यावर येतील, असा इशारा दिला. बेकायदा राहणाऱ्यांची घरोघर तपासणी करण्याचे आदेश निघाले. आठवडाभर राष्ट्रीय वाहिन्यांवर गोवा होता.

या गदारोळात मूळ प्रश्न वाहून गेला. खून अमली पदार्थांच्या धंद्यातल्या वैरातून झाल्याचे तेव्हाच बोलले जात होते. मग तो धंदा त्या किनाऱ्यावर कोणाच्या आशीर्वादाने चालत होता? त्या भागातल्या पोलीस ठाण्यांना याची खबर नव्हती का? एका देशाच्या सगळ्या माणसांना रोग ठरवले की ही चौकशी करण्याची गरजच उरत नाही. त्या शब्दात माणसांचा अपमान होता. त्याहून मोठे नुकसान म्हणजे त्या शब्दाने स्थानिक साथीदारांना आडोसा दिला.

*

फॉर्म सी. परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलवाल्याने, लॉजवाल्याने, घरात खोली भाड्याने देणाऱ्यानेसुद्धा 24 तासांच्या आत त्याची माहिती परकीय नोंदणी कार्यालयाला कळवायची. नाव, राष्ट्रीयत्व, पासपोर्टचा नंबर, व्हिसाचा नंबर आणि मुदत, भारतात कधी आणि कुठून आला, इथून कुठे जाणार. आता हे सगळे ऑनलाइन भरता येते. कागद साधा आहे. पण अमली पदार्थ आणि व्हिसा हे दोन विषय एकमेकांना भिडतात ते नेमके याच कागदावर.

मांद्रे-मोरजीच्या वाड्यांवरचे चित्र तिथे राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. घरामागे चार खोल्या, प्रत्येकीला स्वतंत्र दार, दाराशी भाड्याची स्कूटर. भाडे महिन्याला रोख. पासपोर्टची झेरॉक्स घेतली तर घेतली, नाही तर वहीत एक मोबाइल नंबर. सीझनमध्ये खोली रिकामी ठेवणे परवडत नाही आणि प्रश्न विचारले की गिऱ्हाईक शेजारच्या घरी जाते. खोलीमालकाची ही अडचण मी समजू शकतो. पण आपली जागा अमली पदार्थांसाठी वापरली जाते हे माहीत असून ती वापरू दिली, तर अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याच्या 25 व्या कलमाखाली मालकालाही त्या गुन्ह्याचीच शिक्षा आहे. किनाऱ्यावर किती खोलीमालकांवर हे कलम लागले? छाप्याच्या बातमीत आरोपीचा देश ठळक अक्षरांत येतो, घरमालकाचा पत्ताही येत नाही.

*

खटले पडतात कुठे, हे समजायला एनडीपीएस कायदा थोडा जवळून पाहावा लागतो. 1985 चा हा कायदा फार कडक आहे. चरस 1 किलो, हेरॉइन 250 ग्रॅम, कोकेन 100 ग्रॅम किंवा एमडीएमए 10 ग्रॅम झाले की ते व्यापारी प्रमाण धरले जाते आणि शिक्षा 10 ते 20 वर्षे. जामीन 37 व्या कलमामुळे जवळजवळ अशक्य. शिक्षा इतकी मोठी म्हणून कायद्याने पोलिसांवरही बंधने घातली. खबर मिळाली तर ती लिहून काढायची आणि 72 तासांत तिची प्रत वरिष्ठाला पाठवायची. अंगझडती घेण्याआधी संशयिताला सांगायचे की राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती द्यायचा तुला हक्क आहे. 1999 मध्ये बलदेव सिंग प्रकरणात आणि पुन्हा 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांनी हे बंधन काटेकोर पाळायला सांगितले. जप्त मालाची यादी आणि नमुने दंडाधिकाऱ्यासमोर प्रमाणित करून घ्यायचे.

आता रात्री साडेअकराला किनाऱ्यावर लिहिलेला पंचनामा डोळ्यांसमोर आणा. पंच दोन, त्यातला एक याआधीही पोलिसांच्या पंचनाम्यांवर सही करून गेलेला. 'त्याचा हक्क त्याला समजावून सांगितला' असे वाक्य छापील मजकुरासारखे आहे, पण कोणत्या भाषेत समजावले ते लिहिलेले नाही. आरोपी रशियन, हवालदार कोकणी-मराठी बोलणारा. वजन करायचा काटा कुठून आणला याचा उल्लेख नाही. लाखेचे सील आहे, पण सील नंतर कोणाच्या ताब्यात दिले ते नाही. पाच वर्षांनी साक्षीच्या वेळी बचावाचा वकील या एकेका रिकाम्या जागेवर बोट ठेवतो, पंच उलटतो आणि आरोपी सुटतो. वकिलाला दोष देण्यात अर्थ नाही. न्यायाधीशालाही नाही. ज्याने पंचनामा असा लिहिला त्याला नंतर कोणी काही विचारले का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

*

याच कायद्याचे 59 वे कलम फारसे कोणी वाचत नाही. कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद. आणि ज्याच्यावर कारवाईची जबाबदारी आहे असा अधिकारी जाणूनबुजून गुन्ह्याला साथ देत असेल किंवा त्याकडे डोळेझाक करत असेल, तर त्याला 10 ते 20 वर्षे, म्हणजे मोठ्या तस्कराइतकीच शिक्षा. कायदा करणाऱ्यांना रोग कुठे होऊ शकतो हे माहीत होते. पण त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात म्हटले आहे की केंद्र किंवा राज्य सरकारच्या पूर्वपरवानगीने केलेल्या लेखी तक्रारीशिवाय न्यायालय याची दखल घेणार नाही. किल्ली सरकारच्या खिशात.

2010 मध्ये गोव्यात एका इस्रायली डीलरचे, पोलिसांशी असलेल्या लागेबांध्यांबद्दलचे बोलणे चित्रफितीतून बाहेर आले. अमली पदार्थ विरोधी पथकातलेच पोलीस निलंबित झाले, काहींना अटक झाली, तपास सीबीआयकडे गेला. विधानसभेने सभागृह समिती नेमली. तिचा अहवाल 2013 मध्ये आला. पोलीस, राजकारणी आणि ड्रग माफिया यांच्या साखळीवर विधिमंडळाची समिती बसली, ही साधी गोष्ट नव्हती. तो डीलर मात्र जामिनावर सुटल्यावर देशाबाहेर निसटला. खटल्यातला मुख्य परदेशी आरोपी सीमेवरून बाहेर जातो, तेव्हा त्याचे उत्तर पणजीने द्यायचे की दिल्लीने?

*

परदेशी माणूस दर वेळी आरोपीच असतो असे नाही. फेब्रुवारी 2008 मध्ये हणजूणच्या किनाऱ्यावर 15 वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला. पोलिसांनी बुडून मृत्यू म्हणून प्रकरण मिटवत आणले होते. आईने हट्ट धरला, दुसरे शवविच्छेदन झाले, अंगावर जखमा आढळल्या, अमली पदार्थ दिल्याचे पुढे आले, सीबीआय आली. 2016 मध्ये पणजीच्या बाल न्यायालयाने दोन्ही आरोपींना सोडले. 2019 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यातल्या एकाला दोषी धरून 10 वर्षांची सक्तमजुरी दिली. अकरा वर्षे. ती आई पहिल्या अहवालावर गप्प बसली असती तर फाइल 'बुडून मृत्यू' म्हणूनच बंद झाली असती.

*

एक तक्रार किनाऱ्यावर सर्रास ऐकू येते: हे लोक मुद्दाम छोटा गुन्हा करतात, कारण खटला चालू असेपर्यंत त्यांना परत पाठवता येत नाही. काहींच्या बाबतीत ते खरे असेलही. पण त्याचे औषध व्हिसा खात्याकडे नाही, खटले लवकर संपवण्यात आहे. थोड्या गांजाचा खटला सहा वर्षे रखडवायचा आणि आरोपी इथे का राहिला म्हणून चिडायचे, हे सरकारला शोभत नाही. म्हापशाच्या जुन्या तुरुंगाच्या इमारतीत 2019 पासून स्थानबद्धता केंद्र आहे. तिथे माणूस ठेवून प्रश्न पुढे ढकलला जातो.

जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी, एका नायजेरियन आरोपीच्या प्रकरणात जामिनासाठी गुगल मॅपवर ठिकाण सतत दाखवत राहण्याची अट रद्द केली. माणसाच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवण्याची अट घालता येत नाही, असे त्यांनी सांगितले. हा निकाल मला पटतो. परकीय असला तरी जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क घटनेच्या 21 व्या कलमाने त्यालाही दिला आहे.

*

सरकार उत्तरदायी असले की काय घडते, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. 2019 मध्ये मुंबईचे एक तरुण जोडपे दोहा विमानतळावर पकडले गेले. बॅगेत चार किलोंच्या आसपास चरस. सहल घडवून आणणाऱ्या नातेवाईक बाईने ते पाकीट तंबाखूचे म्हणून दिले होते. कतारच्या न्यायालयाने दोघांना 10 वर्षांची शिक्षा दिली. मूल तुरुंगात जन्मले. घरच्यांनी तक्रार केली, मुंबईत अमली पदार्थ नियंत्रण विभागाने पाकीट देणाऱ्यांचा माग काढला, ते पुरावे राजनैतिक मार्गाने कतारपर्यंत पोचले आणि 2021 मध्ये दोघे निर्दोष सुटून मुंबईला परतले.

पाकिस्तानच्या कैदेतल्या, सांगलीत जन्मलेल्या कुलभूषण जाधवांना दूतावासाची भेट मिळावी म्हणून आपण हेगच्या न्यायालयात गेलो आणि 2019 मध्ये ते जिंकलो. परदेशात आपल्या माणसासाठी जे मागतो, तेच म्हापशाच्या कोठडीतल्या परक्या माणसाला पहिल्याच दिवशी मिळायला हवे: दूतावासाला खबर, दुभाषा, वकील. ते दिले की खटलाही टिकतो.

*

व्हिसा आवळला की ड्रग्ज थांबतील, असे ज्यांना वाटते त्यांनी महाराष्ट्राकडे पाहावे. 2 ऑक्टोबर 2023 ला पुण्याच्या ससून रुग्णालयातून ड्रग्जच्या खटल्यातला कैदी पळाला. उपचारांच्या नावाखाली तो महिनोन्महिने तिथे होता. त्याच महिन्यात नाशिकजवळच्या शिंदे गावात मेफेड्रोनचा कारखाना सापडला. फेब्रुवारी 2024 मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून निघालेला माल आणि दिल्लीत सापडलेला साठा मिळून साडेतीन हजार कोटींहून अधिक किमतीचा ऐवज पुणे पोलिसांनी पकडला. सूत्रधाराचे धागे परदेशापर्यंत गेले, हे खरे. पण कारखाना इथला, कामगार इथले, वसाहत सरकारची. तिथे कोणाला व्हिसा लागला नाही.

*

परकीयांची नोंद आणि माग ठेवण्याची आयव्हीएफआरटी ही यंत्रणा 2010 मध्ये मंजूर झाली. 2022 मध्ये ती मार्च 2026 पर्यंत चालू ठेवायला मंत्रिमंडळाने 1,364.88 कोटी रुपये मंजूर केले. 1 सप्टेंबर 2025 पासून नवा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा लागू झाला. चार जुने कायदे गेले, मुदतीनंतर राहणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 3 लाखांपर्यंत दंड आला, रुग्णालये आणि शिक्षणसंस्थांवरही कळवण्याची जबाबदारी आली. पैसा दिला, यंत्रणा आहे, कायदाही नवा आहे. आता हिशेब मागायचा तो कामाचा.

गोव्यातल्या वाचकांना म्हणून एक विनंती. पुढच्या अधिवेशनाआधी आपल्या आमदाराला पत्र लिहा आणि हे तारांकित प्रश्न विचारायला सांगा. गेल्या पाच वर्षांत एनडीपीएसखाली पकडलेल्या परकीयांपैकी किती जणांचा व्हिसा अटकेच्या दिवशी संपलेला होता? त्यांपैकी किती जणांचा फॉर्म सी भरलेला होता आणि न भरणाऱ्या किती मालकांवर कारवाई झाली? निर्दोष सुटलेल्या खटल्यांत न्यायालयाने तपासातल्या कोणत्या चुका दाखवल्या आणि त्या कोणाच्या? 59 व्या कलमाखाली खटला भरायला सरकारने किती वेळा परवानगी दिली? सभागृहात याची उत्तरे आकड्यांत मागा आणि ती छापून आणायला आम्हा पेपरवाल्यांच्याही मागे लागा.