वंगण न मागणारे लाकूड

बैलगाडीचा आस करकरू लागला की आपण वंगण घालतो. वाचकहो, वंगणाचा थेंबही न मागणारे यंत्र पाहायचे असेल, तर इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात ब्रॉकल्सबी पार्क या जमीनदारी वाड्यावर चला. तिथे घोड्यांच्या तबेल्यावरील मनोऱ्यात एक लाकडी घड्याळ आहे.

१७२२ च्या सुमारास जवळच्याच बॅरो गावचा सुतार जॉन हॅरिसन याने ते घडवले. त्या काळचे तेल थंडीत घट्ट होई, धूळ धरी, आणि घड्याळाची चाल बिघडे. हॅरिसनने चक्रे ओकची केली. पण जिथे घर्षण होते, तिथे वेस्ट इंडीजकडून येणारे लिग्नम व्हिटी लाकूड बसवले. ते पाण्यात टाकले तर दगडासारखे बुडते! बाभूळसुद्धा त्यापुढे मऊच. रेषा एकमेकींत गुंतलेल्या, म्हणून ते सरळ चिरत नाही. पटाशीची धार बघता बघता जाते. कातारी ते लेथवर कातून काढतो. सरसही त्याला नीट धरत नाही, कारण अंगातच तेलकट राळ भरलेली. सुताराला जी राळ नडते, तीच घड्याळाचे वंगण झाली.

लवकर वाढणारी झाडे लावा, असे सांगत गावोगाव फिरणाऱ्या माझ्यासारख्याला हे झाड अडचणीचेच. ते फार सावकाश वाढते. पुढे आगबोटींच्या पंख्याच्या दांड्यांनाही त्याचेच बेअरिंग बसू लागले आणि बेसुमार तोड झाली. आज त्याच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. हॅरिसनने वापरले तसले लाकूड आता सुताराच्या हाती सहज पडत नाही.