सूज अधिक ताप

हिमोफिलिया म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कापलेलं बोट येतं. ताईचा मुलगा जन्मला, तोवर माझंही ज्ञान तेवढंच! पण या मुलांना खरा त्रास आतल्या रक्तस्रावाचा. रक्त गोठवणारं फॅक्टर एट पुरेसं नसतं, त्यामुळे साध्या उड्या मारल्या तरी गुडघ्यात, घोट्यात, कोपरात रक्त साचतं. साधारण ५,००० मुलग्यांमागे एकाला हे असतं.

आमचे चिरंजीव ७ वर्षांचे. गुडघा सुजला की घरचं ड्रिल ठरलेलं. बर्फ, आराम आणि शिरेतून फॅक्टर. की स्वारी पुन्हा सोफ्यावर चढायला मोकळी. गेल्या पावसाळ्यात मात्र फॅक्टर देऊनही दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं. वर १०२ ताप. शेजारच्या काकू म्हणाल्या, "व्हायरल असेल गं, साथच आहे." ताई म्हणाली, "नाही काकू, हे वेगळंय." आणि तिने रिक्षा बोलावली.

ते इन्फेक्शन होतं. सांध्यात साचलेलं रक्त म्हणजे जंतूंना आयती मेजवानी. तसं हे क्वचितच होतं. पण झालं, तर काही दिवसांत कूर्चा खराब होते. गोची अशी, की रक्त असो वा पू, गुडघा दिसतो सारखाच: सुजलेला, गरम, न वाकणारा. चुगली करतो तो ताप आणि फॅक्टरला न जुमानणारं दुखणं. औषधं देण्यासाठी छातीत पोर्ट बसवलेलं असेल, तर जंतू तिथूनही रक्तात शिरू शकतात.

खात्री करायची तर सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासायचं. इथे मात्र आधी फॅक्टर, मग सुई. पुढे शिरेतून अँटिबायोटिक्स, सोबत फॅक्टर चालूच. तापाला पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नाही. त्यांनी रक्तस्राव वाढतो. कमरेवरचं इंजेक्शनही नको, स्नायूत रक्त साचतं.

गुडघा वाचला, पण अजून पूर्ण वाकत नाही. फिजिओ चालू आहे. आता एमिसिझुमॅबसारखी, त्वचेखाली टोचायची औषधं आली आहेत. त्यांनी रक्तस्राव मुळातच कमी होतात. "मग मी क्रिकेट खेळू, मावशी?" हा त्याचा रोजचा प्रश्न. मी डॉक्टरांकडे बोट दाखवते.

ताईने शाळेतल्या बाईंना एक चिठ्ठी देऊन ठेवलीय. त्यात एकच ओळ: सूज अधिक ताप, म्हणजे संध्याकाळची वाट पाहू नका, लगेच फोन करा.