न्हाणीतला उजेड

'न्हाणीघर' हा शब्द आमच्या घरातून केव्हा निघून गेला ते आता सांगता येणार नाही. 'न्हाणी' आणि 'मोरी' सासूबाईंच्या तोंडी अद्याप आहेत; बाकी आम्ही सारे 'बाथरूम' म्हणतो. शब्दाबरोबर जागाही बदलली. न्हाणी ही घराची एक बाजू होती. घर संपून परस सुरू होण्याच्या मधली, अर्धी आतली आणि अर्धी बाहेरची. बाथरूम ही मात्र चार भिंती, छत, कडी आणि बटण असलेली रीतसर खोली आहे. या यादीत बटण सर्वांत शेवटी आले, आणि त्यानेच स्नान या क्रियेत सर्वांत मोठा फरक घडवला असे मला वाटू लागले आहे.

याला निमित्त झाले ते यवतमाळच्या आमच्या घराची बाथरूम नव्याने बांधण्याचे. फरशी ठरली, नळ ठरले, गिझरची जागा ठरली. मग वायरमनने भिंतीवर खडूने फुली मारण्याच्या तयारीत विचारले, "मॅडम, लाइटचा पॉइंट कुठं काढू? दारावर काढतो, वायर जवळ पडते." हा प्रश्न मिनिटभराचा आहे असा त्याचा समज होता. उत्तर द्यायला आम्हाला दोन आठवडे लागले, कारण त्या खोलीचा सर्वांत जास्त वापर करणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "मले तिथं उजेड कायले पाहिजे वो बाई? मले अंधारातच बरं वाटते."

हे ऐकून प्रथम हसू येते. ऐंशीच्या घरातली बाई, एका डोळ्याचे मोतीबिंदू काढलेले, दुसऱ्याचे पिकत आलेले, ओल्या फरशीवर पाय घसरण्याची धास्ती सगळ्या घराला. आणि तिला अंधार हवा! पण त्यांच्या या वाक्यामागे स्नानाचा एक इतिहास आहे, आणि तो आमच्या वाङ्मयाच्या पुस्तकांत क्वचितच सापडतो. 'लीळाचरित्रा'त स्नानासाठी 'मादने' हा शब्द वारंवार येतो. चक्रधरस्वामींचे मर्दन आणि मादने हा त्यांच्या दिनक्रमाचा नोंदवण्याजोगा भाग आहे. संतांची, राजांची, देवांची स्नाने मराठीत भरपूर आहेत. दारव्हा तालुक्यातल्या एखाद्या गावी चार मुलांच्या आईने आंघोळ कुठे आणि केव्हा केली, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.

सासूबाई सांगतात त्यावरून ती न्हाणी अशी होती. परसात विहिरीच्या बाजूला एक सपाट दगड, तीन बाजूंना तुराट्यांचा कूड, चौथ्या बाजूला दोरीवर टाकलेले लुगडे, आणि वर आभाळ. पावसाळ्यात कूड कुजे आणि दर दिवाळीआधी नवा बांधावा लागे. पुढे घरात मोरी झाली, तीही स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, गुडघाभर उंचीच्या आडभिंतीमागे. छपरातल्या कवेलूंमध्ये एखादे काचेचे कवेलू असे. त्यातून उन्हाची एक तिरीप दहा ते तीनच्या दरम्यान घरभर फिरून जाई. मोरीवर ती यायची तेव्हा तिथे भांडी असत, माणूस नसे. २०११ च्या जनगणनेने घरांच्या नोंदीत 'छत नसलेला आडोसा' असा स्वतंत्र प्रकार धरला होता. देशातल्या शंभर कुटुंबांपैकी बेचाळीस कुटुंबांकडे बाथरूम होती, सोळांकडे असा आडोसा होता, आणि उरलेल्यांकडे दोन्हींपैकी काहीच नव्हते. यातल्या 'आडोसा' या शब्दावर मी बराच वेळ थांबले. भिंत नसते तिथे आडोसा करावा लागतो, आणि आडोसाही पुरत नाही तिथे अंधार वापरावा लागतो.

त्यामुळे बायकांची आंघोळ पहाटे चारची. तेव्हा रस्ता निजलेला असे, शेजारच्या माडीवर कोणी नसे. "उजाडलं का आंगोळ गेली," असे त्या म्हणतात. सूर्य उगवण्याआधी न्हाण्याला आपण धर्माचरण म्हणत आलो, आणि ते तसे होतेही. परंतु त्या वेळेला दुसरेही एक सरळ कारण होते. अंधार ही त्या न्हाणीची चौथी भिंत होती. नरक चतुर्दशीला तेवढी न्हाणीत पणती लागे. पाटाभोवती रांगोळी, उटण्याचा वास, पायाखाली चिरडलेले कारीट, आणि अर्ध्या आंघोळीत ओवाळणे. हा सोहळा पुरुषांचा आणि मुलांचा. ओवाळणारी त्याआधीच कधीतरी, पणती न लावता, न्हालेली असे.

अंधाराचे कौतुक करणारे साहित्य जगात आहे. जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकी यांचा सावल्यांची थोरवी गाणारा प्रदीर्घ निबंध १९३३ साली प्रसिद्ध होऊ लागला. पारंपरिक पद्धतीचे घर बांधताना विजेच्या तारा, दिवे आणि नळ कुठे लपवावेत या अगदी व्यावहारिक अडचणीपासून तो सुरू होतो, आणि जुन्या जपानी शौचकूपातल्या मंद प्रकाशाची तो मनापासून स्तुती करतो. एरवी हा निबंध मला फार आवडतो. पण या दोन आठवड्यांत तो पुन्हा आठवला तेव्हा ध्यानात आले, की तानिझाकींचा अंधार निवडलेला आहे. दिवा लावण्याची सोय असलेल्या माणसाने, घराच्या मालकाने, सौंदर्यासाठी पसंत केलेला तो अंधार आहे. आमच्या परसातला अंधार कोणी पसंत केला नव्हता. तो पांघरला होता. कालांतराने पांघरुणाचीही सवय लागते, तशी ती सासूबाईंना लागली. त्यांना अंधार आवडतो असे म्हणण्यापेक्षा उजेडात उघडे पडल्यासारखे वाटते, असे म्हणणे अधिक खरे.

एकदा हे कळल्यावर प्रश्नाचे स्वरूप बदलले. 'त्यांना उजेड कसा पटवून द्यावा' हा हट्ट सोडून 'त्यांना दिसेल, पण त्या दिसणार नाहीत, असा उजेड कसा आणावा' हे शोधायचे होते. आणि आश्चर्य म्हणजे याचे उत्तर बरेचसे शाळेतल्या भूमितीत आहे.

आमच्या बाथरूमची खिडकी मागच्या गल्लीवर उघडते. तिला दुधी काच आहे. दुधी काचेतून दिसत नाही असा सर्वांचा विश्वास असतो, आणि दिवसा तो बहुधा खरा ठरतो. रात्री किंवा पहाटे मात्र दिवा दारावर, म्हणजे खिडकीच्या समोरच्या भिंतीवर असेल, तर माणूस दिवा आणि काच यांच्या मध्ये येतो, आणि त्याची सावली थेट काचेवर पडते. ती काच मग पडदाच होते. छायाबाहुल्यांच्या खेळातला. आम्ही एका रात्री हे करून पाहिले. आत स्टुलावर घागर ठेवली, यजमानांनी दारापाशी टॉर्च धरला आणि मी गल्लीत जाऊन उभी राहिले. घागरीचा गळा, काठ, सारे ओळखू येत होते. मग टॉर्च खिडकीच्या वर, त्याच भिंतीला धरायला सांगितला. घागरीची सावली आतल्या दाराकडे गेली आणि काच नुसती उजळलेली राहिली. दिवा खिडकीच्याच भिंतीवर, खिडकीच्या वर असावा, हा नियम असा हाती आला. वायर दहा फूट जास्त लागली. सासूबाई हे सगळे ओट्यावर बसून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "हे पहिले कोनी केलं असतं तं!" एवढेच. पुढे दिव्याला त्यांचा विरोध राहिला नाही.

आता दिवा कोणता, हा दुसरा प्रश्न. दुकानात गेल्यास आपल्याकडे न मागता हाती येतो तो ६५०० केल्व्हिनचा, निळसर पांढरा दिवा. त्याचे कारण दिव्याच्या घडणीतच आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्या निळ्या किरणांवर पिवळ्या पदार्थाचा थर देऊन पांढरा उजेड मिळवतात. या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१५ मध्ये, आपल्याकडे उजाला योजना सुरू झाली, आणि २०१४ साली सरकारी खरेदीत सुमारे ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ पर्यंत चाळीस रुपयांच्या आत आला. साठ वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बचे काम नऊ वॉटमध्ये होऊ लागले. गरिबाच्या घरात उजेड पोहोचला ही फार मोठी गोष्ट. पण तो निळसर पोहोचला.

म्हाताऱ्या डोळ्यांचे गणित वेगळे असते. वयाबरोबर बाहुली लहान होते आणि नेत्रभिंग पिवळट व गढूळ होत जाते. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जितका प्रकाश पोहोचतो त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीत पोहोचतो. म्हणजे उजेड जास्त हवा. परंतु गढूळ भिंगात प्रकाश विखुरतो, म्हणून उघडा, टोचणारा दिवा आणि चकचकीत फरशी ही जोडी त्यांना आंधळे करून सोडते. उजेड भरपूर, पण दिवा प्रत्यक्ष न दिसणारा, आणि फरशी खडबडीत व फिकी. कडेला गडद रंगाची पट्टी, म्हणजे उंबरठा कुठे संपतो ते कळावे. सासूबाईंच्या शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याला पांढरा दिवा निळा दिसे आणि दुसऱ्याला तोच पिवळसर. दुकानदाराने दोन दिवे लावून दाखवले तेव्हा त्या ६५०० वाल्याला म्हणाल्या, "हा दवाखान्यावानी आहे." ३००० चा, कंदिलाच्या जातीचा, तो पसंत पडला.

सुरक्षिततेचा भाग रूक्ष आहे, पण टाळता येत नाही. दिव्याच्या खोक्यावर 'आयपी' आणि दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. ४४ म्हणजे कोणत्याही बाजूने आलेले शिंतोडे सोसणारा, ६५ म्हणजे पाण्याची धार सोसणारा. अंगावर पाणी घेण्याच्या जागेच्या वर जमिनीपासून सव्वादोन मीटरपर्यंतची हवा ही विजेच्या दृष्टीने धोक्याची मानतात. आमचा दिवा त्याच्या वर गेला. बटण दाराबाहेर. आणि मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, जो गळती होताच क्षणार्धात प्रवाह तोडतो. आरशाला वरून दिवा दिला की भुवयांच्या सावलीत डोळे बुडतात, म्हणून तो दोन्ही बाजूंनी, चेहऱ्याच्या उंचीवर दिला. बोअरच्या जड पाण्याने दिव्याच्या आवरणावर पांढरे पापुद्रे चढतात आणि वर्षभरात उजेड निम्मा होतो. तेव्हा आवरण हाताने काढता येईल असेच घेतले.

शेवटचा प्रश्न 'लाईट गेली तर' हा. आमच्याकडे 'लाईट' म्हणजे दिवाही आणि वीजही, आणि ती 'जाते', पाहुणी असल्यासारखी. ज्या जिल्ह्यातल्या वणीच्या खाणींतून कोळसा निघतो, त्याच जिल्ह्याने २००५ नंतरच्या वर्षांत दिवसाचे कितीतरी तास भारनियमन सोसले. शेजारच्या चंद्रपुरात वीज तयार होई, तारा आमच्या शिवारावरून जात, आणि आमच्या न्हाणीत मेणबत्ती असे. आता तशी स्थिती नाही. पण वळीव आला की फीडर पडतोच. म्हणून त्या खोलीतला एक छोटा दिवा, अर्ध्या वॉटचा, तांबूस, जमिनीपासून हातभर उंचीवर, इन्व्हर्टरला जोडला. रात्री दोन वाजता उठणाऱ्याची झोप निळ्या प्रकाशाने मोडते, तांबूस प्रकाशाने फारशी मोडत नाही. त्याने फक्त पावले आणि फरशी दिसते, अंग दिसत नाही.

सासूबाई पहाटे हाच लावतात. मोठा दिवा त्या दिवसा, नखे काढताना किंवा औषधाची बाटली वाचताना लावतात. आणि बंद करताना अजूनही 'बंद कर' म्हणत नाहीत, 'दिवा शांत कर' म्हणतात. मला आधी वाटले होते की प्रकाशयोजना म्हणजे एखादी जागा जास्तीत जास्त दिसेल अशी व्यवस्था. या खोलीपुरती तरी मी ती व्याख्या बदलली आहे. काय दिसावे आणि काय दिसू नये, हे त्या जागेत वावरणाऱ्या माणसाने ठरवायचे, आणि त्यासाठी त्याच्या हाताशी बटणे दोन असायची. आडोशामागे न्हालेल्या पिढ्यांना चौथी भिंत आपण उशिराने दिली. ती देताना त्यांचा अंधार विचारल्यावाचून काढून घेऊ नये, इतकेच.