गिरणीच्या आवारात पस्तिसावा वाढदिवस

लोअर परळला उतरलात की आधी भेटतो डिलाईल रोडचा पूल. २०१८ मध्ये बंद झालेला हा पूल पूर्ण खुला व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. त्याच्या आसपास एकेकाळी गिरण्यांच्या चिमण्या होत्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यानंतर अनेक गिरण्यांचा भोंगा पुन्हा धड वाजलाच नाही. आज तिथे आपली ऑफिसं आहेत, मॉल आहेत आणि वीकेन्डला टेबलासाठी मारामारी होणारी रेस्टॉरंट्स आहेत.

अशाच एका पॉश ठिकाणी (नाव जाऊ द्या!) आई-बाबांच्या लग्नाचा पस्तिसावा वाढदिवस करायचं आम्ही ठरवलं. मुद्दाम तिथेच. कारण त्याच आवारात माझे आजोबा साच्यावर होते आणि शाळकरी बाबा त्यांचा डबा घेऊन फाटकापर्यंत यायचे. बायकोने पंधरा दिवस आधी बुकिंग केलं. 'शांत कोपरा द्या' असं दोनदा बजावलं.

शांत कोपरा म्हणजे वॉशरूमच्या दारासमोरचं टेबल, डोक्यावर स्पीकर! मेन्यू मोबाइलवर, म्हणून आई चष्मा शोधत बसली. सुरमई आली ती चार बोटांएवढी, खाली बीटाची रेघ, वर फेस आणि चक्क गार. आई 'छान आहे हं' म्हणाली. आई छान म्हणते आणि दुसरा घास घेत नाही, तेव्हा काय समजायचं ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटी केक आला, त्यावर 'हॅपी बर्थडे'. बाबा म्हणाले, "असू दे रे, लग्नाचा का होईना, वाढदिवसच ना!" तेवढ्यात वेटर सांगून गेला, 'सर, पुढचं बुकिंग आहे.'

मग बिल. चौघांचं जेवण ९,६०० रुपये, सर्व्हिस चार्ज दहा टक्के म्हणजे ९६०, आणि या बेरजेवर पाच टक्के जीएसटी ५२८. एकूण ११,०८८! मंडळी, इथे लक्ष द्या. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. मी शांतपणे 'हा काढा' म्हटलं. मॅनेजरचा चेहरा पडला, पण बिल १०,०८० वर आलं. तुमच्याकडे नाहीच ऐकलं, तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

हजार रुपये वाचले खरे, पण ज्यासाठी गेलो होतो ते राहूनच गेलं होतं. बाबा आत तीनदा काहीतरी सांगायला लागले आणि तिन्ही वेळा स्पीकरने त्यांना गप्प केलं. ते ऐकायला मिळालं बाहेर, टॅक्सीची वाट बघताना. "तो बार आहे ना, तिथे साचे होते. कानठळ्या बसायच्या. आजोबा घरी आले तरी मोठ्यानेच बोलायचे." आई हसली. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच.

तेव्हा खास दिवसासाठी टेबल बुक करताना शेफचं नाव नंतर विचारा. आधी विचारा, तिथे एकमेकांचं बोलणं ऐकू येतं का?