एक कश, चार हात

कॉलेजातली पहिली सिगारेट सहसा कोणी विकत घेत नाही. ती कुणीतरी पुढे केलेली असते. पुण्या-मुंबईत कॉलेजबाहेरच्या टपरीवर कटिंगसोबत एक सिगारेट पेटते आणि तीन-चार हातांतून फिरते. 'एक कश मार रे' म्हणणारा आपल्या परीने नवख्याला घोळक्यात जागाच करून देत असतो. वसतिगृहात नुकत्याच आलेल्या, कुणाचीच ओळख नसलेल्या मुलाला ही जागा हवीच असते. नाही म्हणताना त्याला धुरापेक्षा आग्रह मोडण्याचे दडपण अधिक वाटते.

सुटी सिगारेट हा पहिला कश सोपा करते. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर छापलेला धोक्याचा इशारा सुटी घेणाऱ्याच्या नजरेसही पडत नाही. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला २००३ च्या केंद्रीय कायद्यानेच मनाई आहे. तरी कित्येक ठिकाणी फाटकापासून टपरीपर्यंतची पावले सहज मोजता येतात.

खरे तर महाराष्ट्र धुराचा प्रांत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आढळले, तर तंबाखू-गुटखा-मिश्रीसारखे धूररहित प्रकार वापरणारे २४.४ टक्के. बापाची चुना-तंबाखू आणि आजीची मिश्री मुलाला गावंढळ वाटते; सिगारेट मात्र शहरी. व्यसन तेच, पण त्याची पायरी वरची, असा हा हिशेब. शिवाय ओढणारे चौकात उभे असतात आणि न ओढणारे वाचनालयात, मेसमध्ये, बसथांब्यावर विखुरलेले. त्यामुळे 'सगळेच ओढतात' हा समज पक्का होतो. मुलींच्या बाबतीत बघणाऱ्यांच्या नजरा आडव्या येतात. काही जणी त्यामुळे दूर राहतात, काही गच्ची गाठतात, आणि काहींना त्या नजरांना न जुमानणे हेच ओढण्याचे कारण वाटते.

'मी ओढत नाही, फक्त यांच्यासोबत' असे म्हणणारे पुष्कळ. स्वतःला ते धूम्रपान करणारे समजतच नाहीत, त्यामुळे सोडण्याचा प्रश्नही त्यांच्यापुढे येत नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या लोकांच्या आरोग्याच्या दीर्घकालीन नोंदींवरून क्रिस्टाकिस आणि फाउलर या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले, की माणसे सिगारेट एकेकटी नव्हे, गटागटाने सोडतात. कॉलेजातल्या घोळक्याची मात्र परीक्षेनंतर पांगापांग होते. कुणाची सवय तिथेच सुटते; कुणाला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात इमारतीच्या मागच्या जिन्यावर नवा घोळका भेटतो.