केवडा पिकावर पडतो तसा

उसावर केवडा पडला तर कोणी उसाला आळशी म्हणत नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, पान पिवळे पडते आणि आपण हिराकसाची फवारणी करतो. माणूस मात्र पंधरा-पंधरा दिवस नीट झोपत नाही, जेवत नाही, बांधावर नुसता बसून राहतो, तर घरची मंडळी म्हणतात, "सोंग करतोय." नाहीतर देवऋषी गाठतात.

गेल्या हंगामात बीजप्रक्रियेच्या प्रात्यक्षिकानंतर एक ताई मागे थांबल्या. त्यांच्या सासऱ्यांनी काही वर्षांपूर्वी जीव दिला होता. अशा माणसांचा मेंदूच वेगळा असतो, असे मुलगा कुठूनसे ऐकून आला होता. "साहेब, मग माझ्या पोराच्या डोक्यातही तेच असणार का हो?"

प्रश्न बियाण्याचा नव्हता, पण टाळण्यासारखाही नव्हता.

संशोधन खरे आहे. अनेक देशांतल्या शास्त्रज्ञांनी नैराश्याचे सतराशेवर रुग्ण आणि सात हजारांवर निरोगी माणसे यांच्या मेंदूच्या एमआरआय तपासण्या ताडून पाहिल्या. 2016 साली ते छापून आले. मेंदूत खोलवर, दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. आठवणी धरून ठेवण्याचे काम त्याचे. रुग्णांत तो सरासरी सव्वा टक्क्याने लहान निघाला. म्हणजे शंभर किलोच्या पोत्यात सव्वा किलो! तोही मुख्यतः ज्यांना आजार पुन्हा पुन्हा झाला किंवा कोवळ्या वयात जडला, त्यांच्यात. जीव देण्याचा विचार वा प्रयत्न केलेल्यांत कपाळामागच्या, मनाची उसळी आवरणाऱ्या भागातही बारीक फरक आढळले आहेत. पण हा सारा सरासरीचा हिशेब. माती परीक्षणाचा अहवाल तुमच्या शेताचा असतो, हा तसा नाही. एकट्या माणसाचा एमआरआय पाहून कोणी डॉक्टर त्याचे पुढचे सांगू शकत नाही. घराण्यात घडले असेल तर धोका थोडा वाढतो, खोटे कशाला बोलू? तरी अशा घरातल्या बहुतेक मुलांच्या वाट्याला ते येत नाही.

ताई गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मुलाचे बाबाही हल्ली झोपत नाहीत."

खरी गोष्ट ही होती. मी म्हटले, "त्यांना सरळ विचारा, जीव नकोसा वाटतो का. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट ओझे हलके होते." 14416 हा टेलिमानसचा फुकट नंबर दिला, तिथे रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मधेच सोडू नयेत, हेही सांगितले. फवारणीची औषधे कुलपात ठेवायला सांगितली. पोलिसांच्या धाकाने लोक अशी गोष्ट दडवतात. पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे आहेत.

औषधांच्या पेटीची किल्ली ताईंनी दिराकडे दिली. पुढच्या आठवड्यात नवऱ्याला जिल्हा रुग्णालयात नेले, तेव्हा मुलगाही एसटीत शेजारी बसून गेला.