ट्यूबवर काय लिहिलंय?

पावसाळ्यात वसई-विरारला कपडे वाळत नाहीत. चाळीच्या गॅलरीत, बिल्डिंगच्या जिन्यात, पंख्याखाली गणवेश टांगलेले असतात आणि सकाळी मुलं ते अर्धवट ओलेच घालून शाळेत येतात. नखं तपासायला हात पुढे घेतले की मनगटावर, कोपराच्या आतल्या बाजूला, कधी मानेवर लाल कडांचे गोल चट्टे दिसतात. मराठीत कुणी याला गजकर्ण म्हणतं, कुणी नायटा. आमच्या घरांत ‘दाद’ म्हणतात.

हा बुरशीचा आजार आहे. रक्त खराब झाल्यामुळे तो होत नाही, नजर लागल्यामुळे तर नाहीच. बुरशीला ओल, घाम आणि घट्ट कपडा आवडतो. एकाच टॉवेलला पाच जणांनी अंग पुसलं की ती घरभर फिरते. म्हणून एकट्या मुलाला औषध लावून भागत नाही. घरात ज्याला ज्याला चट्टा आहे, त्या सगळ्यांना एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात.

एका मुलाच्या आईला मी बोलावलं, तर त्या पिशवीतून ट्यूब काढूनच दाखवायला लागल्या. म्हणाल्या, “टीचर, ही लावली की दोन दिवसांत खाज थांबते. बंद केली की परत येतं, आणि पहिल्यापेक्षा मोठं येतं.” ट्यूब मेडिकलमधून विचारून आणलेली. आधी त्यांच्या दिराला गुण आला होता, म्हणून मुलालाही तीच.

त्यांनी सांगितलेलं अगदी बरोबर होतं, फक्त त्याचं कारण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अशा ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर अनेकदा स्टिरॉइडही असतं. स्टिरॉइड खाज आणि लाली दाबतं, त्यामुळे आजार गेल्यासारखा वाटतो. पण ते त्या जागेची प्रतिकारशक्तीही दाबतं, आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. चट्ट्याच्या कडा पुसट होतात, मग डॉक्टरांनाही तो ओळखायला कठीण जातो. महिनोन्महिने लावलं तर त्वचा पातळ होते, जांघेत आणि काखेत कायमचे ओरखडे पडतात. याच कारणाने केंद्र सरकारने २०१८ साली अशी अनेक स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती काउंटरवर मागितली की मिळतात.

मी भाषेची शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. मला जे जमतं तेच मी केलं. सातवीच्या मुलांना सांगितलं, घरातल्या त्वचेच्या ट्यूबांवर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वहीत उतरवून आणा. इंग्रजी अक्षरं त्यांनी जुळवून वाचली, मग फळ्यावर मराठीत आणि उर्दूत लिहिली. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन. ही तिन्ही स्टिरॉइडची नावं. पुन्हा पुन्हा तीच येत होती. घरात आईला उर्दू वाचता येतं, वडिलांना मराठी येतं, पण ट्यूब तिसऱ्याच भाषेत बोलते. ती वाचू शकणारं माणूस घरात बहुतेक वेळा शाळेत जाणारं पोरच असतं.

हेच गोरं करणाऱ्या क्रीमचं. २०२३च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला, तिच्या आईला आणि बहिणीला किडनीचा त्रास सुरू झाला. तिघी एकच क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला. पारा त्वचेत रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि किडनीला इजा करतो. पायावर सूज, लघवीला फेस ही त्याची लक्षणं. अशा वेळी आपण क्रीमचा विचारही करत नाही.

‘फेअर अँड लव्हली’ने २०२० साली नावातून ‘फेअर’ काढलं. आपल्या बायोडेटातून ‘रंग गोरा’ काही निघालं नाही. ज्या मजहबात पहिली अजान हजरत बिलाल यांच्या आवाजात झाली आणि गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही असं हुजूरांनी शेवटच्या हजला सांगितलं, त्या घरांत मुलीला रंगावरून क्रीम आणून दिली जाते. ती मुलगी हे विसरत नाही.

दीनने शरीराची जी काळजी सांगितली, तिला खर्च येत नाही. नखं कापायची, काखेतले केस काढायचे, मिशी कातरायची, आणि यात ४० दिवसांपेक्षा जास्त उशीर करायचा नाही. केस ठेवले तर नीट ठेवायचे. दिवसातून पाच वेळा वजू. फक्त आपल्या दमट हवेत वजूनंतर कोरडं होणंही गरजेचं आहे, आणि पुसायला मनाई नाही. पायाच्या बोटांमधलं पाणी टिपून मगच मोजे घाला. मशिदीच्या वजूखान्यात सगळ्यांसाठी एक टॉवेल टांगलेला असतो, तो काढून टाकायला सांगा आणि खिशात स्वतःचा रुमाल ठेवा. ओल्या केसांवर स्कार्फ बांधू नका. पोटात ओल राहिलेल्या कपड्यांच्या शिवणींवरून इस्त्री फिरवा. भांडी घासून, मासळी साफ करून हात फाटले असतील तर झोपताना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन पुरे. चट्ट्यावर मात्र तेल नको, लसूण नको, लिंबू नको. लसणाने त्वचा भाजते. डॉक्टरांनी औषध जितके आठवडे सांगितलंय तितके आठवडे लावा, चट्टा दिसेनासा झाला तरी.

आणि विकत घेताना वाचा. औषधाच्या ट्यूबवर लाल उभी रेघ असेल तर ते चिठ्ठीशिवाय घेऊ नका. क्रीमच्या डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, मुदत, परदेशी असेल तर आयातीचा नोंदणी क्रमांक हवा. यातलं काही नसेल, किंवा घटकांत मर्क्युरी, कॅलोमेल असे शब्द असतील, तर ती डबी कितीही भारी दिसो, परत ठेवा. स्वतःला वाचता येत नसेल तर लाजू नका, दुकानातच मुलाच्या हातात द्या. त्याला शाळेत घातलंय ते यासाठीसुद्धा.